रंग काढून पुन्हा मारलेला पेंट दरवेळी त्याच जागी सुरकुततो, त्याचं कारण आणि उपाय

एक लाल रंगाची १/२४ मापाची मॉडेल कार आहे माझ्याकडे, बॉडी प्लास्टिकची, फॅक्टरीतूनच रंगवून आलेली. ती मला पांढरी करायची होती, कारण बाबांची जुनी गाडी पांढरी होती आणि त्यांच्या पंच्याहत्तरीला तशी एक छोटी गाडी त्यांच्या हातात ठेवायची असं ताईचं आणि माझं ठरलं होतं. रंग काढला, धुतलं, प्रायमर म्हणजे रंगाखालचा पकड देणारा थर मारला, पांढरा मारला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ड्रायव्हरच्या दाराच्या रेषेला लागून पेंट सुरकुतलेला, दुधावरची साय चमच्याने ढकलल्यावर जमते ना तसा. बाकी बॉनेट, छत, डिकी एकदम छान. मग परत सगळं काढलं, परत मारलं, परत तिथेच. तिसऱ्यांदा प्रायमरचा कॅन बदलला, पांढऱ्याचाही बदलला, तरी तीच दाराची रेष आणि या वेळी पुढच्या चाकाच्या कमानीची कडसुद्धा.

ज्यांना हाच त्रास होतोय त्यांनी आधी एक गोष्ट बघा, खराबी सगळीकडे आहे की दरवेळी त्याच ठिकाणी. पेंट खराब असेल, दोन पेंटांचं आपसात जमत नसेल, हवा दमट असेल तर ते अख्ख्या पॅनलवर दिसतं. जागा ठरलेली असेल तर नव्या पेंटला दोष देऊ नका, त्या जागी खाली काहीतरी राहिलंय. मला हे तीन कॅन संपल्यावर कळलं आणि तेही एका काकांनी सांगितलं म्हणून.

आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरमध्ये ओळखीचे एक काका आहेत, आयुष्यभर खऱ्या गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग केलंय. त्यांच्याकडे बॉडी घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बॉडी उजेडात तिरपी धरली आणि विचारलं, "रंग कशाने काढलास?" मी म्हटलं, "आधी अल्कोहोलने काका, पण अर्धाच निघाला, मग ब्रेक ऑइलमध्ये ठेवली." "मग ब्रेक ऑइल गेलं कुठे?" मी म्हटलं धुतलं ना, साबणाने, दोनदा. ते म्हणाले, "वरचं धुतलंस. फटीतलं कोण धुणार? ते काही स्पिरिट आहे का उडून जायला?"

गोष्ट इतकी साधी होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आपण आयपीए म्हणतो ते, ८२ डिग्रीच्या आसपास उकळतं, म्हणून फटीत राहिलं तरी एक-दोन दिवसांत आपोआप उडून जातं. ब्रेक ऑइलचं कामच मुळी तापलेल्या ब्रेकमध्ये न उकळण्याचं आहे, डॉट ३, डॉट ४ ही ब्रेक ऑइलच्या प्रतींची नावं, नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू कमीत कमी २०५ डिग्री लागतो आणि डॉट ४ चा २३०, ते इंदूरच्या मे महिन्यात गच्चीवर ठेवलं तरी फटीतून कुठे जाणार नाही. उलट ते हवेतला ओलावा ओढून घेतं. दाराची रेष म्हणजे केसाएवढी रुंद चर, त्यात ते धरून बसतं, वरून प्रायमर बसला की त्या जागी प्रायमर प्लास्टिकला पकडतच नाही, आणि पुढच्या कोटचा सॉल्व्हंट आत शिरला की तेवढी पट्टी फुगते आणि सुरकुतते.

घरी येऊन मी टिश्यू पेपरची बारीक वात केली, दाराच्या रेषेवर दाबून धरली आणि हेअर ड्रायर गार हवेवर ठेवून फुंकर मारली. वातीला पिवळसर डाग आला, बोटाला लावला तर निसटता, ओशट. धुऊन चार दिवस झालेल्या बॉडीतून हे निघालं होतं. मग बॉडी उलटी केली आणि खरा साठा सापडला. बॉडी चासीला ज्या स्क्रूने बसते त्या स्क्रूंच्या पोकळ नळ्या असतात ना आतून, चार नळ्या, एका बाजूने बंद. त्या चारही नळ्यांच्या तळाशी थेंब थेंब होतं. मी बॉडी काठीवर उलटसुलट फिरवून स्प्रे करत होतो, तो थेंब आतल्या भिंतीवरून ओघळत चाकाच्या कमानीपर्यंत यायचा आणि तिथे कड सुरकुतायची. जागा दरवेळी तीच यायची ती यामुळे.

आता ज्याची बॉडी आत्ता या अवस्थेत आहे त्याने काय करायचं ते सांगतो. नवा पेंट काढायचाच आहे, त्यात तडजोड नाही, नुसता सुरकुतलेला भाग घासून वरून मारलात तर तो तिथेच परत उठेल. पण या वेळी ब्रेक ऑइल नको, नवा पेंट कोवळा असतो, तो आयपीएत बहुतेक तासाभरात सैल पडतो. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका, कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब टाकून प्रत्येक स्क्रूच्या नळीत, ग्रिलच्या मागे, काच बसते त्या खाचेत जोरात पिचकारी मारा, आठ-दहा वेळा, मग साध्या पाण्याने तेवढ्याच वेळा. दाराच्या रेषांमध्ये मऊ टूथब्रश रेषेच्या दिशेने चालवा, आडवा नाही. पाणी कोमटच, हात सहज बुडेल एवढंच, एबीएस आणि पॉलिस्टायरिन ही अशा बॉडींची नेहमीची प्लास्टिकं उकळत्या पाण्याजवळ मऊ पडतात आणि छताचे बारीक खांब त्याच्याही आधी वाकतात. शेवटचं पाणी आरओचं घ्या, कारण ज्यांच्याकडे नर्मदेच्या ऐवजी बोअरिंगचं पाणी येतं त्यांच्या बॉडीवर वाळल्यावर पांढरे क्षाराचे डाग राहतात आणि ते प्रायमरखाली खरखरतात.

नीट धुतलं गेलं का हे डोळ्यांनी कळतं, त्याला काही मशीन नको. बॉडी पाण्यातून बाहेर काढून तिरपी धरा. पाणी अख्ख्या पत्र्यासारखं एकसंध पसरून खाली सरकलं तर साफ. कुठे मध्येच पाणी फाटून थेंब थेंब झालं तर तिथे तेल आहे, परत धुवा. गाडीवाले पेंटरही हेच बघतात. मला चौथ्या धुण्याला जाऊन पाणी एकसंध सरकलं. नंतर दोन दिवस पंख्याखाली उलटी ठेवा, नळ्यांची तोंडं खाली, खाली टिश्यू, आणि टिश्यूवर डाग दिसला तर मोजणी परत पहिल्या दिवसापासून.

मुळात ब्रेक ऑइलची पाळी कुणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं. चालतं ते, इनॅमल तर फार सुंदर काढतं, पण हातमोजे पाहिजेत, मांजर-कुत्र्यापासून लांब ठेवावं लागतं कारण त्यातलं ग्लायकॉल त्यांना विषारी, आणि ते मोरीत ओतता येत नाही, मी बाटलीत भरून काकांच्या गॅरेजच्या वेस्ट ऑइलमध्ये दिलं. वापरायचंच तर डॉट ३ किंवा ४ घ्या, डॉट ५ चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं, त्याने रंग तर निघत नाहीच, वर सिलिकॉनचा पापुद्रा बसला की त्या बॉडीवर पेंट टिकवणं महाकठीण. ५.१ मात्र ग्लायकॉलचंच आहे, नावावरून गोंधळ होतो.

पहिला मान आयपीएलाच द्या. दवा बाजारात लॅब केमिकलवाल्यांकडे विचारा, ९९ टक्केवालं. काही जण सॅनिटायझरने काढायला जातात, तो प्रयोग नका करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयपीएवाल्या फॉर्म्युल्यातल्या पातळ सॅनिटायझरमध्ये ७५ टक्के आयपीए असतं पण सोबत १.४५ टक्के ग्लिसरॉलही असतं, हात कोरडे पडू नयेत म्हणून, आणि जेलवाल्यात तर घट्ट करायचा पदार्थही असतो. हातासाठी ते चांगलंच आहे, पण बॉडीवर त्याचा थर राहतो आणि आपण परत पहिल्याच जागी येतो.

आधी बॉडीच्या आतल्या बाजूला, जिथे फॅक्टरीच्या स्प्रेचा उडालेला रंग असतो, तिथे आयपीए लावलेला इअरबड अर्धा मिनिट घासा. रंग कापसावर आला तर काम होणार. मग झाकणाच्या डब्यात बुडवून अर्ध्या अर्ध्या तासाने बघत राहा. रात्रभर ठेवून झोपी जाऊ नका, एबीएसला जिथे ताण असतो, म्हणजे स्क्रू घट्ट पिळलेल्या त्याच नळ्या, तिथे अल्कोहोलने तडे जातात, म्हणून स्क्रू आधीच काढलेले पाहिजेत. आणि हे काम देवघर आणि गॅसपासून लांब. आयपीएचा फ्लॅश पॉइंट १२ डिग्रीच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यातल्या दुपारीसुद्धा त्याची वाफ समईवरून पेट घेऊ शकते. मी मागच्या अंगणात करतो, घरात अजिबात नाही.

काचा आधी काढायच्या हे तर आलंच. फॅक्टरीच्या गाडीत काचा बहुतेक वितळवलेल्या प्लास्टिकच्या बोंडांनी धरलेल्या असतात, बोंड धारदार ब्लेडने वरून तासायचं, ओढायचं नाही. पारदर्शक प्लास्टिक आयपीएत धुरकट होतं किंवा बारीक तडकतं आणि नवी काच कुठून आणणार. क्रोमचे बंपर वेगळे काढा, त्यांचं क्रोम म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर, तो घरातल्या ब्लीचमध्ये काही मिनिटांत निघतो. फक्त ब्लीचचा डबा वेगळा, आयपीएचा वेगळा, ब्लीच आणि अल्कोहोल एकत्र आले तर क्लोरोफॉर्म तयार होऊ शकतं, आणि टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडसोबत आलं तर क्लोरिन. यात निष्काळजीपणा नको.

प्लास्टिक कोणतं हे आत कुठेतरी उठावाच्या अक्षरात लिहिलेलं असतं, एबीएस, पीएस म्हणजे पॉलिस्टायरिन, पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट असं. नसेल तर आतल्या बाजूने नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाका. साध्या पाण्यातच तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन जातीचं आहे, त्यावर खास चिकट प्रायमर मारल्याशिवाय काहीच टिकणार नाही आणि तुमचा पेंट पापडासारखा सुटण्याचं कारण तेच. बुडाला तर पाण्यात मीठ विरघळवत जा, एबीएस आणि पॉलिस्टायरिन थोड्याच मिठात वर येतात कारण त्यांची घनता १.०५ च्या आसपास, पॉलिकार्बोनेट १.२ चं असल्यामुळे खालीच बसून राहतं.

एनसी थिनर (लॅकर पातळ करायचं थिनर) आणि ॲसिटोनबद्दल वेगळं लिहितो कारण सियागंजमध्ये रंग काढायचं काही मागितलं की दुकानदार हमखास म्हणतो, भिया थिनर ले जाओ. ते लोखंडासाठी बरोबर आहे. पॉलिस्टायरिनवर थिनरचा बोळा फिरवलात तर रंगासोबत प्लास्टिकही विरघळतं, आणि एबीएसचीही तीच गत. मग वरून जे बारीक कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं ते पेंटचं नसतंच, प्लास्टिकच तडकलेलं असतं, आणि त्याला उपाय म्हणजे ६०० च्या वॉटर पेपरने तो थर खाली जाईपर्यंत घासणे, दुसरं काही नाही.

हार्डवेअरच्या दुकानातले स्वस्त स्प्रे कॅनसुद्धा हेच करतात, त्यातला सॉल्व्हंट कडक असतो. त्यामुळे पहिले दोन कोट धुक्यासारखे, बॉडी नुसती ठिपक्याठिपक्यांची दिसेल इतके, पंधरा-वीस सेंटिमीटरवरून, मध्ये दहा-दहा मिनिटं. पहिल्याच कोटमध्ये रंग झाकला गेला पाहिजे ही घाई मी सोडली तेव्हापासून बराच फरक पडला.

आता अख्ख्या पॅनलवर सुरकुत्या असतील तर? ती दुसरी केस. बहुतेक वेळा खाली सिंथेटिक इनॅमल आणि वर लॅकर, म्हणजे सॉल्व्हंट उडाला की लगेच वाळणारा पेंट, असतं. इनॅमल वरून कोरडं लागतं पण आतून हवा पिऊन पक्कं व्हायला दिवसच्या दिवस घेतं, त्या अर्धवट अवस्थेत वर कडक सॉल्व्हंट पडला की ते फुगतं आणि जागा मिळत नाही म्हणून घड्या पडतात. लॅकरवर इनॅमल चालतं, इनॅमलवर लॅकर नाही, हे टेबलाच्या वर लिहून चिकटवा. आणि एकाच कंपनीचा कॅन असला तरी डब्यावर दुसऱ्या कोटची वेळ लिहिलेली असते, तासाभराच्या आत किंवा मग थेट दोन दिवसांनी अशी काहीतरी, त्या मधल्या वेळेत मारलं की बिघडतं.

गोल गोल खड्डे पडत असतील, तळाशी प्लास्टिक दिसतंय असे, तर तेल किंवा सिलिकॉन. डॅशबोर्डचं पॉलिश ज्या खोलीत मारलं तिथे पेंट करू नका. केसांना तेल लावून तोच हात बॉडीला लावू नका. माझं टेबल आधी स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून होतं आणि आई फोडणी घालायची तेव्हा तेलाचा बारीक धूर सरळ टेबलावर यायचा, टेबल हलवलं आणि छतावरचे खड्डे बंद झाले.

पांढरट, दुधाळ झाक आली तर पाऊस. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्याच्यावर जमतं. जुलै-ऑगस्टमध्ये लोक सकाळी लवकर मारतात, हवा थंड म्हणून, पण ओलावा तर पहाटेच सगळ्यात जास्त असतो. पाऊस उघडलेल्या दिवशी दुपारी दोन-तीनला मारा. आणि मे महिन्यात बरोबर उलटं, दुपारी ४० च्या वर पारा असताना पेंट हवेतच वाळून बॉडीवर रव्यासारखा बसतो, तेव्हा सकाळी आठच्या आत उरका. रंगपंचमीच्या आठवड्यात तर मी कॅन हातातच घेत नाही. राजवाड्याला गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, त्यानंतर दोन-तीन दिवस गुलाल हवेत आणि कपड्यांवर असतो, एका निळ्या बॉनेटच्या क्लिअरमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक थरात, मला गुलाबी कण कायमचे मिळालेत.

माझ्या बॉडीला शेवटची अडचण लाल रंगाची आली. लाल रंग निघाला तरी प्लास्टिक गुलाबी झालेलं होतं, आणि लाल रंगद्रव्य नव्या पेंटच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळून वर येतं. करड्या प्रायमरवर दोन कोट पांढरे मारले, तिसऱ्या दिवशी छत अगदी हलकं गुलाबी, ट्यूबलाइटमध्ये कळत नव्हतं, अंगणात कळलं. पांढऱ्याचे कितीही कोट मारा, तो येतच राहतो. मध्ये चंदेरीचा पातळ कोट मारायचा, त्यातले धातूचे पापुद्रे एकावर एक पडून वाट अडवतात. चंदेरी, तो पूर्ण वाळल्यावर पांढरा प्रायमर, मग पांढरा. लालचं पांढरं किंवा पिवळं करणाऱ्यांनी हा कोट पहिल्यापासूनच धरा.

ज्यांनी अजून रंग काढायला घेतलाच नाही त्यांना एक विचारतो, काढायची खरंच गरज आहे का? फॅक्टरीचा थर पातळ असेल, दाराच्या रेषा अजून खोल दिसत असतील तर १००० च्या वॉटर पेपरने पाण्यात घासा, चमक गेली की सरळ प्रायमर. फॅक्टरीचा पेंट पक्का वाळलेला असतो, तो चांगला पाया आहे. फक्त बाजूला छापलेल्या पट्ट्या आणि नंबर असतील तर ते घासून सपाट करा, नाहीतर नव्या रंगाखालून त्यांची कड दिसते. मी काढला कारण माझ्या बॉडीवर आधीच कोणीतरी ब्रशने एक हात मारून दाराचं हँडल बुजवून टाकलं होतं.

आता पांढरा बसलाय. दाराची रेष स्वच्छ, कमानीची कड स्वच्छ, छत अंगणातसुद्धा पांढरं. क्लिअरच्या आधी मी बॉडी झाकणाच्या डब्यात तासभर ठेवतो आणि झाकण उघडून पटकन वास घेतो, पेंटचा वास आला तर सॉल्व्हंट अजून निघतोय, अजून दोन दिवस. काल वास आला नाही. काचेची बोंडं तासून टाकल्यामुळे काच आता चिकटवावीच लागणार, तिला सुपरग्लू नका लावू, त्याची वाफ बंद बॉडीत काचेवर पांढरी धरते. साधं फेविकॉल टाचणीच्या टोकाने कडेला, चार ठिकाणी, आणि रात्रभर पडू द्या.